अकरा सेकंदांचं शूटिंग

दत्तूभाऊंना एखादी गोष्ट नीट ऐकायची असली की ते डावा डोळा मिटायचे. तीस वर्षं लग्नांचं शूटिंग करून लागलेली ही सवय. उजवा डोळा कॅमेऱ्याला, डावा बंद. पुढे कॅमेरे बदलले, बाजूला उघडणारा छोटा पडदा आला, दोन्ही डोळ्यांनी बघायची सोय झाली, तरी त्यांच्या डाव्या डोळ्याने काही आपला हेका सोडला नाही. पहिल्यांदा ते माझ्यासमोर येऊन बसले तेव्हा मला वाटलं, हा माणूस आपल्याला डोळा मारतोय. मी चांगलीच फणकारले. म्हटलं, काका, जरा नीट बसा. ते गडबडले आणि दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून बसले. त्या दिवशी मी जे काही सांगितलं त्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही, हे त्यांनीच पुढे मला कबूल केलं.

मी तेव्हा मुरबाडला एका केंद्रात काम करत होते. बोलायला उशीर होणारी मुलं तिथे यायची. राहायला मी शहापूरला, एकटीच. आठवड्यातून तीन दिवस किन्हवलीमार्गे जाणाऱ्या एसटीने मुरबाड गाठायचं. केंद्र म्हणजे एक खोली, एक सतरंजी, खेळण्यांची एक पेटी आणि मी. मुलांबरोबर बहुतेक आया यायच्या, क्वचित आज्या. आजोबा यायचे नाहीत. दत्तूभाऊ आले म्हणून लक्षात राहिले, असंही म्हणता येईल.

ते नातीला घेऊन आले होते. आरोही, घरात आरू. त्यांच्या एकुलत्या एका मुलीची, सविताची मुलगी, तीन वर्षं उलटून गेलेली. ही मंडळी टोकावड्याजवळच्या एका गावात राहायची. सविता शेतावर नाहीतर म्हशींच्या मागे, नवरा मुरबाडला कंपनीत शिफ्टला, सासूला गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं. मग पोरीच्या हातात मोबाईल. त्यावर कुठल्या तरी परक्या भाषेतली रंगीबेरंगी गाणी दिवसभर चालू. आरूचे कान तपासून झाले होते, ते चांगले होते. समजायचं तिला सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची. पण तोंडातून शब्द नाही. हवं ते बोटाने दाखवायची आणि नाही मिळालं तर भोकाड पसरायची.

मी नेहमीचे प्रश्न विचारत होते. दत्तूभाऊ मध्येच थांबवून म्हणाले, "मॅडम, गावात पोरं तिला मुकी म्हनाया लागलीत. नाव चिकटायच्या आत तिचं तोंड उघडू द्या. एकदा चिकटलं का मग ती बोलली तरी मुकीच राहते."

मी कागदावर बरंच काही लिहिलं होतं, पण त्या केसचं मर्म त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. खेड्यात नाव चिकटलं की चिकटलं. त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही तेच झालं होतं. आडनाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळा मुरबाड त्यांना दत्तू शूटिंग म्हणायचा.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना घरच्या व्हिडिओंचं सुचवलं. साधी गोष्ट आहे. मूल मोबाईल बघतंच, तर त्यात घरचीच माणसं बघू दे. आई पाणी पिते, तोंड स्पष्ट दिसतं, 'पाणी' म्हणते आणि थांबते. एका वेळी एक शब्द. रोजची माणसं, रोजच्या वस्तू. आणि पोरीला एकटीला मोबाईल देऊन सोडायचं नाही, कोणीतरी शेजारी बसून तिच्याबरोबर बघायचं. शेवटी मी म्हटलं, तुमचा तर हा धंदाच, तुमच्यासाठी हा डाव्या हातचा मळ. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

पुढच्या गुरुवारी पहिला व्हिडिओ घेऊन हजर. मी लावला. सुरुवातीला सोनेरी अक्षरांत 'चि. आरोही' असं झळकलं. मग वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. दोन लाल बदाम, पत्त्यांतले असतात तसे, कुठून तरी उडत आले, एकमेकांवर आपटले आणि त्यांतून सविता प्रकट झाली, हातात पाण्याचा तांब्या. तांब्या ओठांपर्यंत पोचायलाच इतका वेळ लागला की मला वाटलं मोबाईल अडकला. सगळं संथ गतीत. आणि मागे सनई. सविता 'पाणी' म्हणत होती हे तिच्या ओठांवरून कळलं, कारण आवाज सनईने खाल्ला होता.

मला आधी हसू आलं आणि मग वैताग. म्हटलं, सनई काढा, पाकळ्या काढा, बदाम काढा. नुसती सविता ठेवा.

"नुसती?" त्यांनी विचारलं. एखाद्या आचाऱ्याला नुसता भात वाढा म्हणावं तसा त्यांचा चेहरा झाला.

मग डावा डोळा मिटून त्यांनी मला एका धवलारणीची गोष्ट सांगितली. आमच्या भागात हळदीला आणि लग्नाला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणणाऱ्या बायका असतात, त्या धवलारणी. खूप वर्षांपूर्वी एका लग्नात अशा एका म्हातारीने रात्रभर धवले म्हटले होते. दत्तूभाऊंनी सगळं टिपलं आणि कॅसेट बनवताना तिच्या आवाजावर सिनेमातलं गाणं चढवलं, कारण पैसे देणाऱ्या पार्टीला तसंच आवडायचं. म्हातारी कोसभर चालत त्या घरी कॅसेट बघायला आली. टीव्हीसमोर बसली. तिचं तोंड हलत होतं आणि आवाज दुसऱ्याच बाईचा येत होता. तिने भांडण नाही केलं. एवढंच विचारलं की माझा आवाज कुठं ठेवला? तो तर दत्तूभाऊंनी कधीच पुसला होता.

म्हणाले, बाईमाणसाने आवाज मागायची ही दुसरी वेळ. मी म्हटलं, मी माझा नाही मागत, सविताचा मागतेय. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या व्हिडिओत सनई नव्हती. पण पाणी, भात, चप्पल, म्हैस, ताट, दिवा असे वीसेक शब्द एकापाठोपाठ एक, मध्ये श्वासालाही जागा न ठेवता. मी विचारलं, मध्ये थांबायला सांगितलं होतं, ते कुठे गेलं? तर म्हणे सविता थांबली होती, तो भाग कापला. त्यांच्या उस्तादाने त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, 'रिकामं दिसलं का कापायचं.' लग्नात नवरदेव मान खाजवत उभा असतो, मुलीची आई कोपऱ्यात डोळे पुसत असते, मामा उगाचच अंतरपाटाकडे बघत असतो. हे सगळं रिकामं. तीस वर्षं त्यांनी असं रिकामं कापून टाकलं होतं आणि त्यातच त्यांचं नाव झालं होतं.

मी त्यांना समजावलं की ही रिकामी जागा आरूची आहे. आईने शब्द म्हटला, आता पाळी तिची. ती जागाच कापलीत तर ती बोलणार कुठे? किती वेळ थांबायचं, त्यांनी विचारलं. मनात पाच मोजा, मी म्हटलं. पाच सेकंदांत माणसं उठून जेवायला जातात, असं ते पुटपुटले, पण त्यांनी ते मनावर घेतलं एवढं खरं.

त्यानंतर माणूस झपाटला. धंदा तसाही बसला होता. कल्याणची पोरं ड्रोन घेऊन यायला लागली होती आणि उरलेलं शूटिंग वऱ्हाडीच मोबाईलवर करायचे. एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागच्या खोलीत ते राहायचे. बायको वारलेली. दर बुधवारी ते माळशेजकडे जाणारी गाडी पकडून सविताच्या घरी जायचे, रात्री राहायचे आणि गुरुवारी सकाळी आरूला घेऊन माझ्याकडे यायचे. अंगात तेच जाकीट, जागोजागी खिसे असलेलं. पूर्वी त्यांत बॅटऱ्या आणि कॅसेटी असायच्या, आता आरूचा रुमाल, बिस्किटं आणि एकदा तर खिशातून गवारीच्या शेंगा निघाल्या. शेंगा मोडताना 'मोड' शिकवायचं होतं म्हणे. सविताच्या सासूला त्यांनी अंगणात खुर्चीवर बसवून 'म्हैस' दहा वेळा म्हणायला लावलं. ती बिचारी नवं लुगडं नेसून बसली होती.

सगळे होते त्या व्हिडिओंमध्ये, एक दत्तूभाऊ सोडून. मी एकदा म्हटलं, तुम्ही कुठे दिसत नाही. म्हणाले, "आपन मागंच बरे." हेही जुनंच. सविताच्या लग्नातसुद्धा कॅमेरा त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. कन्यादानापुरता तो स्टँडवर लावून ते पुढे जाऊन बसले, तर ते नेमके चौकटीच्या कडेला आले. साडेतीन तासांच्या त्या लग्नात मुलीच्या बापाचं फक्त कोपर दिसतं. नातेवाईक अजून त्यावरून चेष्टा करतात. दत्तूभाऊ स्वतःही हसून सांगायचे, पण सांगताना त्यांचा हात त्या कोपरावरून फिरायचा.

दोन-अडीच महिने झाले. आरू व्हिडिओ बघायची, पाच सेकंदांच्या जागेत आजोबांच्या तोंडाकडे बघायची, ओठ हलवायची, पण आवाज नाही. मी घरच्यांना धीर धरा म्हणत होते आणि माझाच सुटत चालला होता.

मग एका गुरुवारी आरूने सतरंजीवर ठेवलेला माझा मोबाईल उचलला. त्याच्यासमोर उजवा तळहात धरला आणि स्वच्छ म्हणाली, "या." मग तळहात बाजूला करून मोबाईलच्या मागे वाकून बघितलं. पुन्हा तळहात, पुन्हा "या", पुन्हा मागे बघणं. दत्तूभाऊ दारात उभे होते ते तिथेच उंबऱ्यावर बसले. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, खोटं का सांगू. मग मी विचारलं की हा शब्द कोणी शिकवला, कारण 'या' आमच्या यादीत नव्हता.

त्यांनी खालमानेने मोबाईल पुढे केला. एक बाई स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर येते, पदराने कपाळ पुसते, कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "या आता. भात निवतोय." थोडं थांबते. मग पुढे येऊन कॅमेऱ्यावर तळहात ठेवते. अंधार. अकरा सेकंद. ती त्यांची बायको होती, लताबाई. आरू जन्मायच्या आदल्या वर्षी गेलेल्या. नवा कॅमेरा आणला तेव्हा तो चालतो का बघायला त्यांनी एवढं टिपलं होतं. दुसऱ्यांच्या बायकामुलांचं शूटिंग करण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःच्या बायकोचं एवढंच. ते त्यांनी मला न विचारता आरूच्या व्हिडिओंमध्ये घातलं होतं. आजीला नातीने बघावं, एवढाच हेतू.

आणि मी तेव्हा काय केलं? शिकले होते ते धडाधडा बोलून मोकळी झाले. म्हटलं, हे काढावं लागेल. व्हिडिओतलं माणूस तिला खरोखर भेटलं पाहिजे, तेव्हाच शब्द कामाला लागतो. ही बाई तिला कधीच भेटणार नाही आणि पोर तिला मोबाईलमागे शोधत राहील. माझं म्हणणं चूक नव्हतं, अजूनही मी तेच सांगेन. पण ज्या माणसाने दोन मिनिटांपूर्वी नातीचा पहिला शब्द ऐकला आणि तोही बायकोच्या तोंडचा, त्याला एक दिवस तरी द्यायचा होता. दत्तूभाऊ नुसतं "हा" म्हणाले, मोबाईल खिशात घातला, आरूला कडेवर घेतलं आणि गेले. तिच्या चपला सतरंजीजवळच राहिल्या.

पुढचे दोन गुरुवार ते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी त्या चपला पिशवीत घालून दुपारी त्यांच्या दुकानावर गेले. शटर अर्धं खाली. आत भिंतभर जुन्या कॅसेटी, प्रत्येकीवर नवरानवरीची नावं. त्यांतली कित्येक जोडपी न्यायला आलीच नव्हती. दत्तूभाऊ स्टुलावर बसले होते. त्यांनी मला खुर्ची पुसून दिली. मी चुकले म्हणायला गेले होते, पण तेच आधी बोलले.

"ते शूटिंग मी पुन्ना पुन्ना बगितलं, मॅडम. ती या म्हनते, मग थांबते. तुमी सांगता ना, जागा सोडायची? तशी तिनी जागा सोडली व्हती. माज्यासाठी. आन मी कॅमेराच बगत बसलोय. माजा आवाजच नाय त्यात. भात निवला त्या दिवशी."

मी पिशवीतून आरूच्या चपला काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या. ते उत्तराची वाट बघत नव्हते. उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाली ठेवलं, जाकिटाची सगळी बटणं लावली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. माझं शूटिंग करा म्हणाले. शब्द तोच ठेवायचा, आजीचाच आहे, राहू दे. फक्त म्हणणारा माणूस पोरीला भेटणारा पाहिजे. भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा पुढून. दोन्ही डोळे उघडे, दोन्ही हात कुठे ठेवावेत ते न कळून पोटावर. म्हणाले, "या आता. भात निवतोय." आणि थांबले. त्यांचे ओठ हलत होते, ते पाच मोजत होते. मोजून झाल्यावरही ते हलले नाहीत. शेवटी मीच मोबाईल खाली केला.

पुढचं सगळं भराभर झालं, असं आता आठवताना वाटतं. तेव्हा वर्ष गेलं. आरू आधी त्या व्हिडिओतल्या आजोबांना 'या' म्हणायला लागली, मग बुधवारी अंगणात शिरणाऱ्या खऱ्या आजोबांना. मागोमाग आबा आला, भात आला, पाणी आलं, म्हैस आली. पुढच्या पावसाळ्यात ती वाक्यं बोलायला लागली आणि सविताच्या सासूची तक्रार आली की हिला आता गप करायचं काहीतरी सांगा. गावातल्या पोरांनी मुकी म्हणणं सोडलं. नाव चिकटलं नाही. दत्तूभाऊंनी ही बातमी मला सांगितली तेव्हा पेढे आणले होते आणि ते एका कॅसेटच्या रिकाम्या डबीत भरून आणले होते.

आणि मग जावयाची बदली चाकणला झाली. बायको, पोर, आई, सगळ्यांना घेऊन तो गेला. तिथे शाळा मोठी आहे, बरं झालं, असं दत्तूभाऊ मला तीन वेळा म्हणाले. निघायच्या दिवशी त्यांनी मोबाईल बाहेरसुद्धा काढला नाही. त्यानंतर एका बुधवारी मी शहापूरच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभी होते, तर समोर बाकड्यावर दत्तूभाऊ, तेच जाकीट घालून. माळशेजकडची गाडी लागली, भरली, सुटली. ते बसून राहिले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा उठले आणि दुकानाकडे चालू लागले. मी हाक मारली नाही. त्या माणसाचा एकटेपणा मला भर दुपारी दिसला होता आणि त्याला तो मला दिसलाय हे कळू नये असं वाटलं.

काही महिन्यांनी मुरबाडचं माझं काम संपलं, मला शहापुरातच काम मिळालं. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला म्हणून मी गल्लीत शिरले. जेवणाची वेळ होती. शटर अर्ध्यावर. मी वाकले तर आतून आरूचा आवाज आला. क्षणभर मला वाटलं मंडळी आलीत, आणि मी हसतच पुढे झाले.

आत दत्तूभाऊ एकटे होते. स्टुलावर भाताचं ताट, ताटाला टेकवून उभा केलेला मोबाईल. मोबाईलमध्ये आरू, दोन वेण्या घातलेली, मागे चाकणची अनोळखी भिंत. ती म्हणाली, "आबा, या आता. भात निवतोय." आणि थांबली. सविताने हे शूटिंग पाठवताना ती जागा कापली नव्हती, बापाकडून शिकली होती ती. मी सवयीने मनात मोजायला लागले. एक, दोन.

दत्तूभाऊंचा डावा डोळा मिटलेला होता.

"आलो गो," ते म्हणाले. "हात धुतले. आलो, बसलो बग."

तेवढ्यात जागा संपली. आरू अदृश्य झाली. त्यांनी बोटाने पुन्हा लावलं, ती पुन्हा म्हणाली, "आबा, या आता," आणि तिच्या जागेत त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, जरा मोठ्याने, आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं. मी शटरवरचा हात काढला आणि आवाज न करता मागे फिरले. भात अजून गरम होता, वाफ दिसत होती.